थोरल्या आज्जाला मारलं म्हणतात, पण कागद कुठं? बेळगाव सीमाभागात शोध कसा घ्यायचा

आपल्याकडं बऱ्याच घरात एक वाक्य असतं, "थोरल्या आज्जाला शेतात मारलं", बास, त्याच्या पुढं काही नाही. कुणी मारलं, कुठल्या साली, केस झाली का, शिक्षा कुणाला लागली, विचारलं की मोठी माणसं विषय बदलतात नाहीतर "जुनं कशाला उकरतोस" म्हणतात. मला विचाराल तर उकरावं. ज्या माणसाचा जीव असा गेला त्याचं निदान नाव, तारीख आणि काय झालं एवढं तरी घरात नीट लिहिलेलं असावं, नाहीतर अजून दोन पिढ्यांनी ते एक वाक्य पण राहणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड या पट्ट्यात पहिल्यांदाच असा शोध घ्यायला बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आपल्या भागात बहुतेक लोक थेट बेळगावच्या कोर्टात नाहीतर पोलीस स्टेशनात जातात, "आमच्या पणजाची केस होती, कागद मिळतील काय" विचारतात, आणि तिथला क्लार्क साल विचारतो, आरोपीचं नाव विचारतो, दोन्ही माहीत नसतं, मग रिकाम्या हातानं घरी. आणि कधी कधी तर ते गाव त्या वेळी बेळगाव जिल्ह्यातच नसतं! म्हणून दोन गोष्टी हातात आल्याशिवाय कुठल्याही ऑफिसची पायरी चढू नका, एक म्हणजे मृत्यूची तारीख किंवा निदान साल, आणि दुसरी म्हणजे त्या दिवशी त्या गावावर राज्य कुणाचं होतं. कागद तिथंच असणार.

१) आधी घर धुंडाळा, आणि म्हाळापासून सुरू करा

घरी पितृपक्षात म्हाळ कुठल्या तिथीला घालतात ते विचारा. ज्यांचा मृत्यू शस्त्रानं, अपघातानं, म्हणजे एकूण अवेळी आणि अनैसर्गिक झाला त्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करायची पद्धत आहे, पंचांगात त्या दिवशी "शस्त्रादिहत पितृश्राद्ध" असं छापलेलं असतं, काही घरात घात चतुर्दशी पण म्हणतात. घरात कुणासाठी तरी चतुर्दशीचं पान वेगळं वाढतात आणि का ते कुणालाच माहीत नाही, तर तिथं थांबा, ते पान कुणाचं ते काढा. पण लगेच खून धरून बसू नका, साप चावून गेलेला, विहिरीत बुडालेला, झाडावरनं पडलेला, हे सगळे पण चतुर्दशीलाच येतात. तसंच एखाद्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली एवढं नक्की, पुढचं शोधावं लागेल.

वर्षश्राद्धाची तिथी घरात कुणाला तरी पाठ असते. "वैशाख वद्य पंचमी" असं काहीतरी. साल नसलं तरी ही तिथी सोन्यासारखी जपून लिहून ठेवा, पुढं साल मिळालं की हिच्यावरनंच तारीख निघते.

घरात नारायण नागबळी, म्हणजे अवेळी गेलेल्यांच्या शांतीसाठीचा विधी, झाला होता का तेही विचारा. आपल्याकडचे लोक त्यासाठी गोकर्णाला जातात, काहीजण त्र्यंबकेश्वरला. तिथल्या क्षेत्रोपाध्यांकडं यजमानांच्या नावांच्या वह्या असतात, कुळ, गाव, आलेल्यांची नावं, कधी कधी कुणाच्या निमित्तानं आले ते पण. आपलं गाव कुठल्या उपाध्यांकडं लागतं हे तिथं विचारलं की सांगतात.

आणि हेळवी! आपल्या भागात सुगी झाल्यावर हेळवी येतो, पूर्वी बैलावर बसून यायचा, आणि घराण्याची अख्खी पिढी म्हणून दाखवतो, धान्य घेऊन जातो. हे लोक पिढ्यानपिढ्या आपल्या वंशावळी सांभाळत आलेत, बऱ्याच जणांकडं लिखित वह्या आहेत. तुमच्या भावकीचा हेळवी ठरलेला असतो. त्याला नुसतं धान्य देऊन पाठवू नका, बसवा, चहा द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करू का विचारा, आणि मग "ह्या माणसाचं काय झालं" ते विचारा. तारीख मिळणार नाही, पण कोण कुणाचा भाऊ, कुणाला मूल नव्हतं, कुणाची शाखा गाव सोडून गेली हे मिळतं, आणि खुनाच्या मागं बऱ्याच वेळा नेमकं हेच असतं.

म्हाताऱ्या माणसांना "खून कसा झाला" असं थेट विचारलं तर तोंड मिटतं. त्यापेक्षा आजूबाजूचं विचारा, तेव्हा आज्जा केवढा होता, आज्जी कुणाच्या आधारानं राहिली, त्या वर्षी प्लेग होता काय, पाऊस कसा होता, गावात वीज आली होती काय, कुणाच्या घरी येणंजाणं त्यानंतर बंद झालं. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. माहेरवाशिणींना जरूर विचारा, आत्ती, आज्जीच्या बहिणी, कारण त्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या आणि त्यांच्यावर गप्प बसायचं बंधन नव्हतं.

२) साल कसं पकडायचं

जुन्या कागदावर शके असतो. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखेला ७९ मिळवायचे. शके १८४० म्हणजे १९१८-१९. कधी नुसतं संवत्सराचं नाव असतं, "क्रोधी नाम संवत्सरे", ते साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणजे क्रोधी १९०४-०५ ला होता, १९६४-६५ ला होता आणि २०२४-२५ ला होता, त्यातला कुठला ते माणसाच्या वयावरनं लगेच कळतं. जमिनीच्या कागदात महसुली वर्ष असतं, १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणून "सन १९३१-३२" लिहिलेलं असेल तर मृत्यू दोन्हीतल्या कुठल्याही सालात असू शकतो.

तिथीवरनं तारीख काढताना ऑनलाईन पंचांग वापरा, पण सेटिंग बघून. आपल्याकडं मराठी आणि कानडी दोन्ही पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडं पौर्णिमेला, त्यामुळं हिंदी पंचांग लावलं तर आपला भाद्रपद वद्य तिथं आश्विन म्हणून दिसतो आणि तुम्ही एक महिना भलतीकडंच शोधत बसता.

३) त्या दिवशी गाव कुणाचं होतं

हे नीट वाचा, इथंच सगळे अडकतात. बेळगाव जिल्हा इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात होता, स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, त्याचं कर्नाटक १९७३ ला झालं. म्हणजे १९५६ च्या आधीच्या खटल्याचं अपील मुंबई हायकोर्टात गेलेलं असणार, नंतरचं बेंगळूरला. एवढं तर बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जिल्ह्याच्या पोटात संस्थानांचे तुकडे होते ते कुणी लक्षात घेत नाही. शहापूर, जे आज बेळगावातच आहे, ते सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात. रामदुर्ग स्वतःच संस्थान. मिरज, कुरुंदवाड, जमखंडी यांची गावं इकडं तिकडं विखुरलेली. ही पटवर्धनी आणि इतर दक्षिणी संस्थानं १९४८ ला विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. त्यामुळं १९३० च्या सुमाराला शहापुरात खून झाला असेल तर त्याची केस सांगली संस्थानच्या न्यायव्यवस्थेत, आणि चालत दहा मिनिटांवर बेळगावात झाला असेल तर ब्रिटिश सेशन कोर्टात. एकाच भांडणातले दोन जखमी दोन राज्यांत पडलेत असं पण होऊ शकतं.

उलटं पण आहे, चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, आता कोल्हापूर जिल्ह्यात. हल्याळ, सुपा कारवार जिल्ह्यात. आणि जुन्या तालुक्यांची नावं वेगळी, १८८४ च्या गॅझेटियरमध्ये संपगाव तालुका आहे तो आजचा बैलहोंगलचा भाग, परसगड म्हणजे सौंदत्ती. हे गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला खंड २१, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं, कोल्हापूरचा खंड २४ आहे. आपल्या गावाचं नाव त्यात कुठल्या सत्तेखाली दिलंय ते आधी बघून घ्या आणि वहीत पहिल्या पानावर लिहा.

मग दप्तर कुठं? ब्रिटिश काळातलं सरकारी दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. कोल्हापूर संस्थानचं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, इतर दक्षिणी संस्थानांसाठी पण चौकशी तिथूनच सुरू करा. १९५६ नंतरचं कर्नाटक राज्य पुराभिलेखागारात, त्यांचं धारवाडला विभागीय ऑफिस आहे. तालुक्याचं रोजचं दप्तर मात्र बहुतेक तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्येच पडून असतं.

४) जमिनीचे कागद, इथं साल सापडतं

खून झालेल्याच्या नावावर वीतभर जरी जमीन असली तरी वारस लागलेले असणार. मुंबई इलाख्यात हक्कपत्रकाचा कायदा १९०३ ला आला, त्यानंतरच्या मृत्यूंना वारसाचा फेरफार असतो, आपल्याकडं कुणी डायरी म्हणतं, कुणी म्युटेशन, कर्नाटकात एमआर (म्युटेशन रजिस्टर). हल्लीचा उतारा कर्नाटकाच्या 'भूमी' वेबसाईटवर मिळतो पण तो उपयोगाचा नाही, जुन्या फेरफाराची रजिस्टरं तहसीलमधनं काढावी लागतात. सर्व्हे नंबर घेऊन जा, आजच्या उताऱ्यावरनं मागं मागं जात फेरफार नंबर गाठा.

आमच्या घरच्या फेरफारात पणजाचं नाव कंसात घातलेलं आहे, म्हणजे कमी केलं, आणि खाली आज्जाचं नाव, त्याच्यापुढं "अज्ञान, अ.पा.क. आई" आणि पणजीचं नाव. अज्ञान म्हणजे वयात न आलेला, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. एवढ्या दोन ओळींनी सांगितलं की पणजा तरुण गेला, आज्जा तेव्हा लहान होता, आणि घर पणजीनं एकटीनं चालवलं. त्याच पानावर शेजारच्या गटाच्या नोंदी पण वाचा. खुनानंतर वर्ष दोन वर्षांत शेजारच्या बांधाची जमीन विकली गेली, गहाण पडली, तर वकिलाच्या फीचा पैसा तिथनं आला असायची शक्यता असते, आणि विकणारा कोण ते बघितलं की आरोपीच्या घराचा अंदाज येतो. अंदाजच, पुरावा नव्हे.

जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, ज्याला कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणतात, ती पण बघा. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, प्लेग, देवी, हगवण असं असतं, आणि आपल्या कामाची नोंद जखम किंवा इजा अशी एका शब्दात असू शकते. चंदगडवाल्यांना एक सोय झालीय, कुणबी नोंदी शोधताना महाराष्ट्रात असली जुनी दप्तरं स्कॅन झाली आणि बरीचशी जिल्ह्याच्या वेबसाईटवर टाकलीत. जुनं बरंच मोडीत असतं. मोडी वाचणारे कोल्हापूर, पुणे, बेळगाव सगळीकडं आहेत, आधी एक पान वाचायला द्या, मग बाकीचं.

गावच्या पाटलाच्या वाड्यात चौकशी करायला विसरू नका. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याप्रमाणं गावात संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस पाटलानं पंच जमवून चौकशी करायची होती. वतनं साठच्या दशकात गेली, पण दप्तराची बोचकी काही वाड्यात माळ्यावर अजून आहेत. पाटलांच्या घरात आदरानं जा, कारण सांगा, कागद घरी न्यायला मागू नका, तिथंच बसून फोटो काढा.

५) नावांचा घोळ

आपल्या भागात एकाच माणसाची तीन नावं असतात. मराठीत परशराम, कानडी लिहिणाऱ्यानं परसप्पा, इंग्रजी निकालात आणखी वेगळ्या स्पेलिंगनं. लक्ष्मणाचा लकमाण्णा होतो, रामाचा रामप्पा. आडनाव बऱ्याच वेळा नसतंच, "रामा बिन शिवा" असं असतं, बिन म्हणजे मुलगा, वलद पण तेच, आणि बाईला "गंगू कोम रामा", कोम म्हणजे बायको. म्हणून शोधायच्या आधी एका कागदावर मयताचं, त्याच्या बापाचं, गावाचं आणि संशयिताचं नाव जितक्या तऱ्हेनं लिहिता येईल तितक्या तऱ्हेनं लिहा. बेळगांव अनुस्वारासकट पण घाला.

६) वर्तमानपत्रं

मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो आणि इथंच सगळ्यात जास्त सापडतं, पण धीर पाहिजे.

कुठली वर्तमानपत्रं? बेळगाव समाचार १८६३ पासूनचं, तरुण भारत बेळगावचा १९१९ ला बाबूराव ठाकुरांनी काढलेला (नागपूरचा तरुण भारत वेगळा, कॅटलॉगमध्ये गोंधळ होतो), बेळगावचंच राष्ट्रवीर, कोल्हापूरचे सत्यवादी आणि पुढारी, पुण्याचे केसरी आणि ज्ञानप्रकाश, कानडीत संयुक्त कर्नाटक, आणि इंग्रजीत टाइम्स ऑफ इंडिया. टाइम्सचं जुनं सगळं डिजिटल झालंय, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतनं बघता येतं, सर्च पण होतं, पण खेड्यातल्या खुनाला तिथं जागा मिळायची ती फार गाजला तरच. मराठी वर्तमानपत्रांना सर्च नाही, फाईल उघडून पान पान बघायचं.

फाईली कुठं? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, शहापूरचं सरस्वती वाचनालय, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालय, मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि वर्तमानपत्राचं स्वतःचं ऑफिस. कुठल्या सालाच्या फाईली आहेत, बघायला देतात काय, हे आधी फोन करून विचारल्याशिवाय जाऊ नका.

एका खुनाची बातमी एकदा येत नाही, चार वेळा येते, आणि नवीन माणूस फक्त पहिलीच शोधतो. पहिली, घटना झाल्यावर आठवड्याभरात. दुसरी, मॅजिस्ट्रेटनं केस "सेशन कमिट" केली, म्हणजे वर सेशन कोर्टाकडं पाठवली तेव्हा, ही दोन चार महिन्यांनी. तिसरी, सेशन कोर्टाचा निकाल. चौथी, हायकोर्टानं शिक्षा कायम केली नाहीतर सोडलं तेव्हा, ही कधी कधी वर्षानं. पहिली सापडली नाही म्हणून फाईल बंद करू नका, तिसरी सगळ्यात भरलेली असते, कारण साक्षी, हत्यार, कारण, असेसरांचं (न्यायाधीशाला मत देणाऱ्या साध्या माणसांचं) मत, सगळं त्यात. घटनेच्या बातमीत तर मयताचं नाव पण नसतं कधी कधी, नुसतं "एका कुणब्याचा खून". साप्ताहिक असेल तर तारखेनंतरचे निदान तीन अंक बघायचे, पावसाळ्यातल्या घटनेला अजून जास्त.

जुन्या बातमीची भाषा ओळखायला शिका. वर "बेळगांव, ता. १४" असतं ती बातमी पाठवल्याची तारीख, घटनेची नाही, आणि त्यात "गेल्या गुरुवारी" असेल तर तो गुरुवार कॅलेंडरवर मोजून काढायचा आणि घरातल्या तिथीशी जुळतो का बघायचं. जुळला की अंगावर काटा येतो, खरंच. "दंगा" म्हणजे बहुतेक वेळा दोन गटांची मारामारी. "घातपात", "संशयास्पद मृत्यू", "प्रेत विहिरीत मिळाले" या मथळ्यांवर थांबाच. "काळ्या पाण्याची शिक्षा" वाचून अंदमान धरू नका, १९२१ नंतर ती शिक्षा झालेले बरेच कैदी इथल्याच जेलात राहिले.

जुन्या वर्तमानपत्राचा कागद पापडासारखा झालेला असतो, घडीवर बोट लागलं तरी तुकडा पडतो. पान दोन्ही हातांनी, तळहात खाली घालून उलटा. थुंकी लावून तर नाहीच. फोटो काढताना आधी वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख असलेला वरचा भाग, मग अख्खं पान, मग बातमी, या क्रमानं, नाहीतर घरी आल्यावर ही बातमी कुठल्या अंकातली ते कळत नाही. फ्लॅश बंद.

इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांचा आठवड्याचा गोषवारा इंग्रजीत काढायचं, रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स, मुंबईचा १८६८ पासून. त्यात साधे खून नसतात, पण पोलिसांनी मारलं, केस दाबली, मामलेदारानं लक्ष दिलं नाही असा आरोप झाला असेल तर त्याचा सारांश मिळू शकतो, मूळ अंक नष्ट झाला असला तरी.

७) कोर्ट

खटल्याच्या नावात मयत नसतो, आरोपी असतो. सरकार विरुद्ध आरोपी. आणि सरकारचं नाव काळाप्रमाणं बदलतं, १९०१ च्या आधी क्वीन-एम्प्रेस, मुंबईच्या जुन्या निकालांत इम्पेरेट्रिक्स पण, मग १९४७ च्या सुमारापर्यंत एम्परर, १९५० पासून स्टेट, १९५६ नंतर स्टेट ऑफ मैसूर. इंडियन कानून या साईटवर मुंबई हायकोर्टाचे जुने निकाल आहेत, तिथं "एम्परर" आणि आरोपीचं नाव, नाहीतर "एम्परर", "बेलगाम" आणि "मर्डर" असं इंग्रजीत टाकून बघा. छापील मालिका इंडियन लॉ रिपोर्ट्स मुंबईची १८७६ पासून, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून. यात फक्त कायद्याचा मुद्दा असलेलेच खटले येतात, म्हणून तुमचा नाही सापडला तर निराश होऊ नका.

फाशीची शिक्षा मात्र हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नव्हती, आजही नाही. म्हणजे "त्याला फाशी झाली" असं घरात सांगत असतील तर हायकोर्टात कन्फर्मेशनची फाईल झालेलीच होती. खालच्या कोर्टाचं साक्षीपुराव्याचं दप्तर ठराविक वर्षांनी नष्ट करतात, निकालाचा कागद जास्त टिकतो, तेवढाच मागा.

कोर्टाच्या कागदाला आरटीआय चालत नाही, नक्कल अर्जच करायचा, आणि तुम्ही पार्टी नसल्यामुळं कारण लिहून प्रतिज्ञापत्र जोडायचं. पोलीस आणि तहसीलला मात्र आरटीआय चालतो. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. कानडीत नाहीतर इंग्रजीत लिहा म्हणजे भाषेवरनं परत येणार नाही. कलम ८(३) लिहाच, वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती, थोडे अपवाद सोडून, नाकारता येत नाही. चुकीच्या ऑफिसात गेला तर कलम ६(३) प्रमाणं त्यांनीच पुढं पाठवायचा. पोलीस स्टेशनला एफआयआर मागण्यापेक्षा गावाची जुनी क्राइम नोटबुक मागा, त्यात गावात झालेले मोठे गुन्हे साल घालून लिहिलेले असायचे. खून म्हणजे कलम ३०२, आयपीसी १८६२ पासून लागू, २०२४ च्या जुलैपासून नवीन कायद्यात १०३. जुन्या केसच्या अर्जात ३०२ च लिहायचं.

८) गोळीबार, लढाई

पूर्वज गोळीबारात गेला असेल तर रस्ता वेगळा आणि सोपा. १७ जानेवारी १९५६ चा सीमाप्रश्नाच्या आंदोलनावरचा गोळीबार झाला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, म्हणजे सरकारी कागद आणि विधानसभेतली चर्चा मुंबईला. १ जून १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातले हुतात्मे, ज्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे, त्यांचे कागद कर्नाटकाकडं. निपाणीचं तंबाखू आंदोलन १९८१ एप्रिल, तेही कर्नाटकाकडं. गोव्याच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेलेल्यांसाठी त्या आठवड्याची सगळी मराठी वर्तमानपत्रं बघा. महायुद्धात गेलेला मराठा पलटणीतला शिपाई असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर नाव, नंबर, तारीख फुकट मिळते, कधी कधी बापाचं नाव आणि गाव पण.

९) घरचं आणि कागदावरचं जुळलं नाही तर

बहुतेक वेळा जुळत नाहीच. आमच्या घरात दरोडेखोरांनी मारलं असं सांगायचे, छापलेल्या बातमीत बांधाच्या तंट्यावरनं चुलत भावाचं नाव आहे. मला वाटतं पणजीनं मुद्दाम दरोडेखोर सांगितले, कारण तिला लहान पोरं घेऊन त्याच गल्लीत राहायचं होतं. म्हणून घरची गोष्ट खोटी म्हणून खोडू नका, वहीत डाव्या पानावर घरचं, उजव्या पानावर कागदावरचं, दोन्ही शेजारी राहू देत. वर्तमानपत्र पण चुकतं, पोलिसांनी सांगितलं ते छापतं, सुटलेल्या माणसाची बातमी आतल्या पानावर चार ओळीत येते. निकाल मिळेपर्यंत कुणालाही खुनी लिहू नका, आरोपीच लिहा.

बायकांच्या बाबतीत जास्त लक्ष द्या. "पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली" या नोंदींमध्ये काय काय दडलंय ते देवालाच माहीत. लग्नाला किती वर्षं झाली होती, मूल होतं काय, नवऱ्यानं किती दिवसांत दुसरं लग्न केलं, माहेरच्यांनी नंतर त्या घरात पाणी प्यायलं काय, हे माहेरच्या गावी जाऊन विचारा. सासरच्या गावात याचं उत्तर मिळत नाही. आणि पुरावा नसेल तर "अपघात अशी नोंद, माहेरच्यांना संशय" एवढंच लिहा, पण लिहा, तिचं नाव घाला.

आरोपीची नातवंडं शेजारी राहतात, कदाचित पुढं सोयरीक पण झालेली असते, त्यांचा यात काही दोष नाही. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालाची पानं टाकू नका. आधी आपल्या घरातल्या थोरल्यांना समोर बसून सांगा, वाचून दाखवा, कुणाला ऐकायचं नसेल तर जबरदस्ती नको. त्या घरातल्या कुणाला कळवायचं असेल तर तेही एका थोरल्या माणसाला, एकट्याला गाठून. जमिनीची केस अजून चालू असेल तर मात्र आधी वकिलाला विचारा, मगच कुणाशी बोला.

फोटोंच्या फाईलला नाव देताना वर्तमानपत्र, साल, महिना, तारीख, पान या क्रमानं द्या, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. एक प्रत ड्राइव्हवर, एक प्रिंट काढून घरच्या ट्रंकेत, आणि एक आत्तीच्या घरी, कारण आपलं घर बदललं, विकलं, पुरात गेलं तरी तिच्याकडं राहते. प्रत्येक प्रिंटच्या मागं पेन्सिलनं कुठनं, कधी, कुणाकडनं मिळाली ते लिहून ठेवा.